बाबांचा ठोका

"ताई, खरं सांग! बाबा इथे लाकडावर ठोका द्यायचे की नाही?"

धाकट्या भावाचा आवाज असा चढला, की ताईच्या हातातली इस्त्री जागीच थबकली... देवा! जो प्रश्न आयुष्यभर चुकवला, तो आज समोर येऊन उभा राहिलाच! सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पणजोबांच्या वेळचं तंतुवाद्य मांडीवर घेऊन भाऊ एकच जुनी धून छेडत होता. पहिली ओळ, मग लाकडावर बोटाचा ठोका, मग दुसरी. त्या ठोक्यावर तर लोक जीव टाकत! "वडिलांची देणगी," असं तो प्रत्येक मैफलीत अभिमानाने सांगे. आणि आज कुणीतरी बाबांची जुनी कॅसेट आणून दिली होती. धून तीच... ठोका मात्र नाही!

"कॅसेट खोटी आहे! मला लख्ख आठवतंय," तो फणकारला. "पण तुला विचारून काय उपयोग म्हणा! तू तर नखं कापून मोकळी झालीस. बाबांच्या सुरांची तुला कधी किंमतच नव्हती!"

तारा छेडायला हौसेने वाढवलेली ती नखं... तिच्या काळजात कळ उठली. गप्प बसावं? त्याच्या मनातले बाबा तसेच राहू द्यावेत? तिने इस्त्री ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. पण खोट्याच्या आधारावर त्याने अजून किती उभं राहायचं!

"कॅसेट खरी आहे रे... तुला कधी सांगितलं नाही, पण आईबाबा गेले तेव्हा तू रांगतही नव्हतास. तुला झोप यावी म्हणून मी वाजवायचे आणि पायाने पाळणा हलवायचे. तो मेला भिंतीवर आपटायचा! चांगला बोलायला लागलास, तरी पाळणा सुटत नव्हता तुझा. तोच तुझा ठोका!"

तो पांढराफटक पडला. "म्हणजे मला आठवतात ते... बाबा नव्हेत?"

"मी होते, वेड्या."

"मग सोडलंस का?"

"तुझी बोटं तारांवर वळायला लागली. वाद्य एक, आपण दोघं... आणि घर चालवायला कुणीतरी इस्त्री धरायला हवीच होती ना!" हसता हसता तिला हुंदका फुटला.

एवढा नावाजलेला वादक, पण लहान मुलासारखा ढसाढसा रडू लागला. "किती बोललो गं मी तुला, ताई... दुसरी ओळ मला अजून तुझ्यासारखी साधत नाही. शिकवशील?"

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, डोळे पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"आधी ते रडणं थांबव," तिने दटावलं, "आणि पाठ ताठ कर. पोक काढून वाजवणारा माझ्या हाताखाली चालायचा नाही!"

तो मुकाट्याने ताठ बसला.