निळ्या पेन्सिलीचं अक्षर

भूलतज्ज्ञ होऊन गावच्या हॉस्पिटलात परत येताना वाटलं होतं, इथे यंत्रं मोडकी असतील, औषधं संपलेली असतील आणि मी सगळं बदलून टाकीन. पाहते तर यंत्रं नवी, कपाटं भरलेली. जुनी होती ती एकच पद्धत. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटच्या मनगटावर चिकटपट्टी लावायची आणि त्यावर निळ्या पेन्सिलीने लिहायचं, कोणती गोळी, किती वाजता. ही पद्धत वॉर्डच्या थोरल्या सिस्टरांची. त्या वारून वर्ष झालं होतं, तरी नर्सेस ती पाळत होत्या. मी पहिल्याच आठवड्यात ती बंद केली, छापील फॉर्म आणला. उरलेली एकुलती एक, न तासलेली पेन्सिल माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली.

त्या दिवशी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पेशंट शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. फॉर्मवर ‘सकाळी औषध घेतले का?’ याच्यापुढे ‘नाही’. मी भूल दिली.

पाचव्या मिनिटाला रक्तदाब साठवर आला. नेहमीचं इंजेक्शन दिलं. ढिम्म. सलाईन वाढवलं, पुन्हा इंजेक्शन. पंचावन्न. अजून चीरसुद्धा दिलेली नव्हती. खोलीत श्वासाच्या यंत्राची फुसफुस तेवढी ऐकू येत होती.

“काय होतंय?” सर्जनांनी हळूच विचारलं.

“कळत नाही, सर... थांबा जरा...”

नाडी बघायला चादर सारली, तर कार्बोलिक साबणाचा वास आला. तो साबण आमच्याकडे आता कुणी वापरत नाही. मावशींच्या मनगटावर पट्टी होती. ‘प्रेशरची गोळी. सकाळी ६.’ निळं, ठसठशीत अक्षर.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. प्रेशरच्या काही गोळ्या त्या सकाळी पोटात गेल्या, तर भुलीखाली शरीराला रक्तदाब सावरता येत नाही आणि नेहमीचं इंजेक्शन हात टेकतं.

“मामा, फ्रीजमधलं दुसरं औषध... पळा!”

साठ... अठ्ठ्याहत्तर... पंच्याण्णव. मी श्वास सोडला.

“पट्टी तुम्ही लावलीत?” मी मामांना विचारलं. ते तीस वर्षं या खोलीत वॉर्डबॉय होते.

“मी कशाला लावू? बंदी तुमचीच ना, मॅडम? आणि हे अक्षर तर...” त्यांनी पट्टीला हात जोडले.

संध्याकाळी मावशी उशीला टेकून बसल्या होत्या.

“मावशी, गोळी घेतली होतीत, मग फॉर्मवर ‘नाही’ कसं?”

“गोळीबरोबर घोटभर पाणी प्यायले होते हो. उपाशी राहा म्हणाला होतात. खरं बोलले तर ऑपरेशन रद्द कराल, म्हणून घाबरले. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना मात्र सांगितलं.”

“कुठल्या बाई?”

“खाटेवर टेकल्या होत्या की. म्हणाल्या, आमची नवी डॉक्टरीण हुशार आहे, पण कागदाला विचारते... शिकेल हळूहळू माणसाला विचारायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉवर उघडला. कुलूप जसंच्या तसं होतं. आत पेन्सिल होती. टोक काढलेली, बोटभर आखूड.

फॉर्मचा गठ्ठा मी बाजूला ठेवला. यापुढे प्रत्येक खाटेवर मी स्वतः बसणार होते, विचारणार होते, पट्टी लिहिणार होते. त्यासाठी येताना दुकानातून एक नवी निळी पेन्सिल घेतलीच होती.

जुनी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूप मात्र लावलं नाही.