दहाव्या खुंटीचे खेकडे

"काही हरवलंय का तुमचं?"

"श्श! हलू नका... दहा मिनिटं."

कशेळीला खाडीकाठी आता गोदामं झाली. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मात्र तिथे नुसता चिखल होता, आणि कापड रंगवणाऱ्या डाइंगचं रंगीत पाणी त्यात उतरायचं त्या जागी अतिया टक लावून उभी होती. माणसाची चाहूल लागली की खेकडे बिळात शिरतात. निश्चल उभं राहिलं तरच बाहेर येतात, मोजता येतात. वाटेत थांबून विचारणारा हारूनही सायकल धरून मुकाट उभा राहिला. एकही खेकडा आला नाही. तिने वहीत दहाव्या खुंटीसमोर शून्य लिहिलं, आणि मग कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने काठाने बारा खुंट्या ठोकल्या होत्या. हारून भिवंडीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. वही आणि फ्लॉपी घेऊन ती तिथे जाऊ लागली. फ्लॉपीवरचा प्रोग्राम कॉलेजातल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो कधीच दुबईला गेलेला, आणि त्यानंतर प्रोग्रामला कुणी हात लावला नव्हता. बाहेर मागांची खटखट, आत प्रिंटरची करकर, आणि मधे चहा निवेपर्यंत गप्पा...

तक्ता निघाला. प्रबंधाचे सर खूश झाले. प्रबंध सोमवारी द्यायचा; शनिवारी दुपारी हारूनने तक्ता हातात घेतला.

"दहाव्या खुंटीला चौऱ्याऐंशी? चूक आहे."

"मशीन चुकतं होय? खेकडे माझे की तुमचे?"

"तुमचेच. पण तिथे मी होतो ना... एकही नव्हता."

"एवढं लक्षात आहे?"

"त्या दहा मिनिटांतलं सगळं आहे. निळी ओढणी, गालाला चिखल—"

अतियाने घाईघाईने वहीत डोकं घातलं. वहीत शून्यच होतं!

हारूनने प्रोग्राम ओळीओळीने वाचला. प्रोग्राम खुंट्यांचे क्रमांक शब्दांसारखे, पहिला अंक बघून लावत होता: एक, दहा, अकरा, बारा, मग दोन. खेकड्यांचे आकडे मात्र जागचे हलत नव्हते. दुसऱ्या खुंटीचे खेकडे बिनबोभाट दहावीच्या नावावर गेले होते.

"म्हणजे या पाण्यात खेकडे मजेत आहेत, असं मी लिहून देणार होते," ती हळूच म्हणाली. "सरांना सांगितलं तर... वर्ष जाईल माझं."

आणि तिने तक्ता टराटरा फाडला.

"वाचा वहीतून. मी हाताने लिहिते."

मगरिबच्या अजानपर्यंत तो आकडे वाचत होता, ती लिहीत होती.

मंगळवारी ती पुन्हा क्लासच्या दारात.

"सर ओरडले?"

"खूप. मग नव्याने लिहायला तीन आठवडे दिले. म्हणाले, चूक कुणी पकडली? मी तुमचं नाव सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, हा तुझा कोण?"

हारून प्रिंटरचा कागद उगाच सरळ करू लागला. "काय... सांगितलंत?"

"सांगितलं, विचारून सांगते." तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला. "बोल ना, हारून. सर थांबलेत."