जास्तीचे अकरा ग्रॅम

एक किलो डांबरी मिश्रण भट्टीत टाकलं. बाहेर आलं तर त्रेसष्ट ग्रॅम गायब! जायला हवे होते फक्त बावन्न. मग वरचे अकरा कुणी ढापले?

करंजघाटाच्या पायथ्याशी, डांबर प्लांटच्या प्रयोगशाळेत शरयू नखं खात उभी होती. घाटातल्या नव्या वळणावर आज रस्ता होणार होता, आणि उद्या सकाळी तिथूनच तिचे बाबा शाळेची बस नेणार होते.

"डांबर जास्त झालंय," तपासणी करणारा रोबो खडखड्या ऐटीत म्हणाला. "उन्हात रस्त्यावर डांबर तरंगणार. बस सर्रकन दरीत!"

"तोंड सांभाळ रे डबड्या!" प्रयोगशाळेची प्रमुख हेमाआत्या ओरडली.

"मिश्रणाचा पुढचा घाणा सहा मिनिटांत," खडखड्या म्हणाला. " किलोमागे अकरा ग्रॅम डांबर कमी करायचा हुकूम सोडू?"

शरयू आत्याकडे वळली. "आत्या, गेलं ते डांबरच, हे याला कसं कळलं?"

"डांबर म्हणजे बाइंडर (खडीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ). मिश्रण आधी तोलायचं, मग पाचशे चाळीस अंशांवर भाजायचं. डांबर जळतं, खडी उरते. पुन्हा तोलायचं. जेवढं घटलं, तेवढं डांबर."

"आणि डांबर कमी पडलं तर?"

"खडी सुटते. चाकाखाली गोट्या पसरल्यासारखी."

"म्हणजे दोन्हीकडून बाबाच घसरणार!"

"पाच मिनिटं," खडखड्या म्हणाला.

शरयू भाजलेल्या खडीवर वाकली. खडी पांढुरकी होती, कडेला पिठासारखी भुकटी. "ही नेहमीसारखी काळी नाही गं?"

"काळ्या दगडाची खाण बंद झाली. ही चुनखडी, नव्या खाणीतली."

"मग... भट्टीत दगडाचंही वजन घटत असेल?"

आत्याने कपाळावर हात मारला.

"दगड घटत नाही! पंधरा वर्षांचा अनुभव आहे," खडखड्या म्हणाला.

"पंधरा वर्षं काळाच दगड भाजलास, शहाण्या! तो ढिम्म असतो. चुनखडीत वायू कोंडलेला असतो. तापली की थोडा निसटतो. नुसती खडी भाज, लवकर!" आत्या ओरडली.

"तीन मिनिटं लागतील. घाण्याला चार उरलीत."

"मग बडबडतोस काय?"

किलोभर मिश्रणात असते तेवढीच, नऊशे अठ्ठेचाळीस ग्रॅम बिनडांबराची, कोरडी खडी आत गेली. बाहेर आली ती नऊशे सदतीस!

"अकरा दगडाचे!" ती किंचाळली. "त्रेसष्टातून अकरा गेले, बावन्न!"

"डांबर बरोबर होतं," खडखड्या पुटपुटला. "हुकूम सोडला असता तर एक्केचाळीसच उरलं असतं."

"चूक माझी," आत्या म्हणाली. "खाण बदलली की दुरुस्ती-आकडा (दगडाची स्वतःची घट) आधी काढायचा असतो. मीच विसरले."

दुसऱ्या दिवशी दोघी वळणावर थांबल्या. हिशेब शरयूला तोंडपाठ होता, तरी ती पुन्हा पुन्हा खाली डोकावत होती.

"आत्या, न भाजता मोजता येईल?"

"डांबर विरघळवून, धुऊनही मोजतात. याहून सोपी रीत तू शोध."

खालून बस आली. वळली. चाकं रस्त्याला घट्ट धरून वर गेली. बाबांनी हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे शरयूने हात हलवला.