डाव्या पिळाची गाठ

टॉर्च बंद करा आधी. शेकोटीचा उजेड पुरे आहे. आणि तो डुकराच्या मांसाचा तुकडा उलटा कुणीतरी, एका बाजूनं करपायला लागलाय. शिकारीची गोष्ट ऐकायची हौस आणि समोरचं मांस जळतंय त्याचा पत्ता नाही, असले तुम्ही शिकारी!

ही गोष्ट सालिझानची. तुमच्यातल्या मोठ्यांना तो आठवत असेल. निळा छोटा ट्रक, गालात कायम सुपारी, आणि जंगलात चालला की पायाखालचं पान वाजणार नाही असा माणूस. जे घडलं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तेव्हा त्याला खोटं बोलायला वेळ उरलेला नव्हता.

तारीख मी विसरलेलो नाही. २०१९ साल, नोव्हेंबरची सोळा, शनिवार. दुपारी तीनच्या सुमाराला सालिझानला त्याच्या काकूनं बोलावलं. काकू म्हणजे लांगुई, म्हाताऱ्या उमासची बायको. उमास जाऊन अकरा महिने झाले होते. कड्यावरून पडून गेला, असं सगळी वस्ती धरून चालली होती. सालिझाननंच त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं. तेव्हापासून वस्तीत त्याचा मान जरा वाढला होता.

लांगुई दारात बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"वरच्या खोपीत म्हाताऱ्याचा सुरा राहिलाय. तो आणायचाय. ह्याला बरोबर ने."

हा म्हणजे नातू. नऊ वर्षांचा. त्याचंही नाव उमासच. थोरल्या नातवाला आजाचं नाव द्यायची आपली रीत, आणि एका नावाचे दोघं एकमेकांना 'आला' म्हणतात. पोराचा बाप शहरात इमारतींच्या कामावर, त्यामुळे पोर वाढलं ते आजाच्या मागं मागं. तो बसला की हे बसणार, तो थुंकला की हे थुंकणार.

"रात्रीचं पोराला कशाला, काकू? उद्या उजाडल्यावर मी एकटा घेऊन येतो की."

"सुरा आता पोराचा आहे, त्यानंच उचलायचा. एप्रिलात सण आलाय. टांगलेल्या हरणाच्या कानावर बाण मारताना पोराचा हात आजानं धरायचा असतो. आजा नाही. मग त्याच्या हाताखाली शिकलेला कुणीतरी हवा. तूच एक राहिलायस."

सालिझान मनातल्या मनात मांडे खायला लागला. पोराचा हात ज्यानं धरला, पोर मोठं होईपर्यंत उमासची शिकारीची हद्द त्याच्याकडे. नदीपासून डोंगराच्या दोन्ही सोंडांपर्यंत, अख्ख्या डोंगरातलं सगळ्यात भरलेलं रान. ह्याच रानासाठी तर त्यानं… असो. ते येईलच पुढं.

"बरं," तो म्हणाला. "चल रे पोरा."

आणि आतल्या खोलीत कुणीतरी शिंकलं.

मोठी, म्हाताऱ्या माणसाची शिंक. आपल्याकडे निघताना शिंक ऐकली की खांद्यावरचं ओझं खाली ठेवतात, मग ती कुत्र्याची का असेना. सालिझान दारातच थबकला.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही," लांगुई म्हणाली. "ऐकलीस ना पण? नंतर म्हणू नकोस ऐकली नाही."

"मांजर असेल," असं म्हणून त्यानं ट्रक चालू केला.

शेताचा रस्ता संपतो तिथं, आलुबुखाराच्या बागेशी, ट्रक लावून दोघं चालायला लागले. पाच वाजून गेले होते. चंद्र नऊशिवाय उगवणार नव्हता. पोर पुढं, सालिझान मागं. पोराची अखंड बडबड चालू.

"पिल्लं असलेली मादी सोडून द्यायची. दुसऱ्याच्या सापळ्यातलं घ्यायचं नाही. सापळा लावला की वाटेकडच्या झाडाला गवताची गाठ मारायची, म्हणजे माणसाला कळतं. आणि सापळा तिसऱ्या दिवशी बघायचा. आधी गेलं तर आपला वास राहतो, उशीर केला तर मांस कुजतं."

"पोपट करून ठेवलाय तुला म्हाताऱ्यानं," सालिझान हसला. "एवढे नियम पाळले असते तर उपाशी मेलो असतो आम्ही."

"आला कुठं उपाशी होता?"

सालिझाननं सुपारी थुंकली.

खोपीच्या अलीकडे वाट दोन दगडांमधून जाते. बाजूला एक जुनं देवदाराचं झाड आहे. तिथं पोर थांबलं. वाट सोडून, झाडाच्या मागून वळसा घालून पलीकडे गेलं.

"काका, तिथं पाय नको देऊ. सापळा आहे."

"गाठ कुठाय? झाडाला काहीच तर नाही."

"गाठ आला मारणार आहे. आपण परत येईपर्यंत."

सालिझाननं उचललेलं पाऊल मागं घेतलं. कारण ती जागा, पोरांनो, त्याच्याशिवाय जिवंत माणसांत कुणालाही ठाऊक नव्हती.

आता ऐका. आदल्या डिसेंबरात सालिझाननं चोरून म्हाताऱ्याच्या हद्दीत सापळा लावला होता. लोखंडी, दातेरी, ज्याच्यावर तैवानभर बंदी आहे. बरोबर त्या दोन दगडांमध्ये. झाडाला गाठ मारली असती तर चोरी उघडी पडली असती, म्हणून गाठ मारली नाही. रानडुकराऐवजी त्यात उमासचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी सालिझान बघायला आला, तर म्हातारा जिवंत. शुद्धीवर. त्यानं शिवी दिली नाही, का म्हणून विचारलं नाही. फक्त पाणी मागितलं. सालिझाननं त्याच्याकडे बघितलं, आणि आला तसा परत गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, पाय सोडवला, सापळा नदीच्या डोहात फेकला आणि म्हाताऱ्याला कड्याच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं. मग वस्तीत येऊन गळा काढला. हे माहीत असतं तर गळा काढत आला त्याच रात्री मी त्याला सोडला नसता, हे तुम्हाला सांगून ठेवतो.

त्या क्षणी परत फिरायला हवं होतं. पण पोरापुढं कच खायची कशी? त्यानं बॅटरी मारून दगडांमधली जागा नीट बघितली. पाला, माती. काठी खुपसली. काही नाही. तो हसला आणि मुद्दाम तिथूनच पाय टाकून गेला. काही झालं नाही.

खोपीत पोरानं चूल पेटवली. सुरा खुंटीवर होता, तो काढून कमरेला बांधला. मग बरोबर आणलेला भात केळीच्या पानावर वाढला.

तीन पानांवर.

"तिसरं कुणाला?"

पोरानं पेल्यात पाणी ओतलं. तो पेला तिसऱ्या पानाशी ठेवला.

"उमास. कुणाला रे ते?"

"आलाला. त्याला तहान लागलीय."

"गप जेव. चेष्टा पुरे."

चुलीत लाकूड तडतडलं. बाहेर झाडावर उडती खार ओरडत होती, ती एकदम गप्प झाली. पोर तिसऱ्या पानाकडे बघत होतं. मान हलवत होतं, कुणी काही सांगावं आणि आपण ऐकावं तशी.

"काय… काय म्हणतोय?" सालिझानच्या तोंडून निघून गेलं.

पोरानं त्याच्याकडे बघितलं.

"म्हणतोय, त्या दिवशी तुझ्या कमरेला बाटली होती. भरलेली."

…

पेल्यातलं पाणी हललं. पातळी खाली गेली. बोटभर. आणखी बोटभर.

सालिझान उठला. बॅटरी तिथंच राहिली. तो पळाला.

चंद्र उगवला होता. वाट दिसत होती. मागं आवाज येत होता. एक पाऊल. मग साखळी. एक पाऊल. मग साखळी. ओढत. घाई नव्हती त्या चालण्यात. सालिझाननं मागं बघितलं. कुणी नाही. पळत राहिला. पुन्हा बघितलं. कुणी नाही. साखळी जवळ आली. मान मागंच होती त्याची. पुढं बघितलंच नाही त्यानं.

खट्.

…

पोर सावकाश आलं. झाडामागून वळसा घालून. सालिझान दोन दगडांमध्ये पडला होता. पाय लोखंडात होता. साखळीवर निळा रंग होता, त्याच्याच ट्रकला लावून उरलेला. तोच सापळा. डोहात फेकलेला.

"पोरा… आजीला सांग. माणसं घेऊन ये. पळ."

"सांगतो."

"पाणी… पाणी दे आधी."

पोरानं त्याच्याकडे बघितलं. मग निघून गेलं.

अकराला ते घरी पोचलं. सुरा आजीच्या हातात दिला.

"काका कुठाय?"

"सापळ्यात."

"बरं," लांगुई म्हणाली. "हातपाय धू. भात गरम आहे."

हे तिनंच मला सांगितलं, डोळ्याला डोळा भिडवून. सालिझान एकटा राहायचा आणि शिकारीला गेला की तीन-चार दिवस यायचा नाही, त्यामुळे बाकी कुणी चौकशी केली नाही. रविवारी ती चर्चमध्ये प्रार्थनेला आली, माझ्याच शेजारी बसली, सगळी गाणी म्हणाली. सोमवारी शेंगा विकायला गेली. मंगळवारी सकाळी उजाडताच माझ्या दारात उभी.

"दाहू, चार माणसं घे. डोली घे. सापळा बघायचा दिवस आहे."

सालिझान जिवंत होता. आम्ही पाणी दिलं, ते त्याच्या घशाखाली उतरेना. पण बोलत होता. डोलीतून डोंगर उतरताना सगळं सांगितलं त्यानं, शिंकेपासून साखळीपर्यंत, डिसेंबरातलं पाणीही. आम्ही पाचही जण ऐकत चाललो होतो. एकानंही त्याला 'असू दे' म्हटलं नाही. आलुबुखाराची बाग दिसायला लागली आणि तो बोलायचा थांबला, कायमचा. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे.

त्याला खाली ठेवून मी एकटा परत वर गेलो. सापळा काढायला हवा होता, नाहीतर आणखी कुणाचा तरी पाय जायचा. काढला. वजनाला चांगलाच जड, एका माणसाला उघडायला जड, पोराचं तर नावच नको. खोपीकडून येतानाच्या बाजूनं सहज त्या देवदाराकडे बघितलं.

खोडाला गवताची गाठ होती. ताजं, हिरवं गवत, मूठभर. सालिझान ज्या बाजूनं पळत आला, बरोबर त्या बाजूला. समोर बघत आला असता तर चांदण्यात नक्की दिसली असती.

गाठीचा पीळ डावा होता. म्हाताऱ्या उमासचा उजवा अंगठा तरुणपणी बंदुकीच्या दारूनं उडाला होता, त्यामुळे त्याच्या गाठी उलट्या वळायच्या. आता तुम्ही म्हणाल, नातवाला त्यानंच शिकवलं, तोही तशीच मारत असेल. मीही तेच म्हणालो. मारतो तो तशीच, मी बघितलंय.

पण म्हातारा ताडमाड उंच होता, आणि वाढलेल्या गवतात झाकून जाऊ नये म्हणून गाठ डोक्याच्याही वर मारायचा. ही गाठ माझ्या डोक्यावर वीतभर होती. लांगुई माझ्या खांद्याला लागते. आणि पुढच्या शनिवारी मी पोराला घेऊन तिथं गेलो, झाडाशी उभं केलं आणि म्हटलं, हात लाव बघू. चवडे उंच केले, बोटं ताणली, तरी हातभर कमी पडला.