कोरडे मोजे

हिमनदीच्या माथ्यावर खोल थरात असलेला सगळ्यात जुना बर्फ खाली आणायचा, एवढ्यासाठी चौघं निघाले होते. त्या बर्फातल्या बुडबुड्यांत हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकली होती, आणि मोहिमेच्या प्रमुख बाईंनी अर्धं आयुष्य त्या हवेपायी घालवलं होतं. बरोबर बर्फात भोक पाडणारा मिस्त्री, वाट काढणारा दोरवाला आणि स्वयंपाकाला काका.

बर्फ मिळाला! नळकांड्यांत भरून एका घसरगाडीवर बांधला. दुसरीवर अन्न आणि इंधन. उतरताना जड गाडी कोणी ओढायची यावरून मिस्त्री आणि दोरवाला रोज भांडत. काका मात्र दर सकाळी प्रत्येकाच्या हातात कोरडे मोजे ठेवत.

"काका, हे वाळतात तरी कुठे? चूल तर कधीच विझते," दोरवाला म्हणे.

"घाला मुकाट्यानं, जावईबापू."

सगळे हसत आणि निघत. उत्तर कोणालाच नको होतं.

त्या दुपारी पायाखालचा बर्फ खचला! अन्नाची गाडी भेगेत गेली, तिच्यामागे तिला जुंपलेला दोरवाला. दोर सणसणला. त्याच दोराला बांधलेले काका आडवे पडले. टाचा रुतवल्या. घसरले. थांबले!

"गाडी तोड!" ते ओरडले. "अन्न जाऊ दे, तू वर ये!"

खालून सुरी चालली. बाईंनी आणि मिस्त्रीनं दोरवाल्याला ओढून काढलं. तो उठून उभा राहिला, पण काका उठेनात.

बाईंनी त्यांचे बूट काढले. आत मोजे नव्हतेच. पायांना पिठाच्या पिशवीचं फडकं गुंडाळलेलं. बोटं पांढरी, मेणासारखी टणक.

"तुमचे मोजे कुठे आहेत?"

दोरवाल्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याची जोडी मध्येच हरवली होती, सकाळी दुसरी हातात आली होती. कोणाची, हे त्यानं विचारलं नव्हतं.

गाडी एकच उरली होती. बाई नळकांड्यांकडे बघत राहिल्या. क्षणभरच, पण काकांनी ते पाहिलं.

"बाई, असा बर्फ पुन्हा मिळायचा नाही. मी येतो रांगत."

"गप्प बसा हो, काका."

बाईंनी स्वतः दोऱ्या सोडल्या. एकेक नळकांडं हलकेच खाली ठेवलं, जणू कोणी लगेच न्यायला येणार होतं.

पुढे भांडण झालं नाही. गाडीवरून काका नुसतं म्हणत, "आता त्याला विसावा दे," आणि दोर निमूट दुसऱ्या खांद्यावर जाई. उपाशीपोटी तळ गाठला. सगळे वाचले. काकांची बोटं वाचली नाहीत. उन्हाळ्यात नळकांडी सापडली, आत नुसतं पाणी होतं.

बाईंच्या मनातून गेली नाही ती वाटेतल्या मुक्कामाची संध्याकाळ. त्यांनी आपली कोरडी जोडी काकांच्या पायांत चढवली, तर काकांनी सगळ्यांच्या दिवसभरात भिजलेल्या मोज्यांसाठी हात पुढे केला. "आणा ते ओले." आणि सदरा वर घेऊ लागले. पोटाची कातडी लाल, जागोजागी सोललेली.

बाईंनी ओले मोजे स्वतःच्याच स्वेटरखाली, पोटावर दाबले. श्वास अडकला!

"रोज? सगळ्यांचे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सुरुवातीलाच लागतं हो, बाई," काका म्हणाले. "मग कळत नाही."