मनोऱ्यातले ठोके

भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. माझ्यासोबत घडलं ते भर दुपारी, साडेतीन वाजता. यातला एक शब्दही पदरचा नाही.

मी आणि दादा, दोघंही गवंडी. दीडशे वर्षं जुन्या चर्चची डागडुजी आमच्याकडे होती. लाल विटा, टोकदार कमानी. मनोऱ्याची भिंत दुहेरी. मध्ये माणूस अंग चोरून सरकेल एवढीच पोकळी.

"एवढ्या विटांत आपली अख्खी गल्ली उभी राहिली असती," दादा हसला आणि चिरा बुजवायला खालच्या भोकातून आत शिरला.

आमची खूण ठरलेली. दोन ठोके म्हणजे थांब, मी आत आहे. एक ठोका म्हणजे मी वरच्या दाराने बाहेर पडलो, खालचं भोक बंद कर. दादा बजावायचा, "ठोका ऐकलास तरी एकदा हाक मारायची."

एक ठोका आला...

चहा गार होत होता. मी हाक मारली नाही. भराभर विटा लावल्या.

दादा खाली आलाच नाही.

आणि मग आतून... दोन ठोके.

ओला चुना नखांनी खरवडला, विटा ओढून काढल्या, आत बॅटरी मारली.

दादाची थापी पडली होती.

दादा नव्हता. वरच्या दारावरची धूळही विस्कटली नव्हती.

फादर खाली मान घालून म्हणाले, "मनोरा बांधतानाही एक गवंडी आत गेला, तो गेलाच."

"मग आधी सांगितलं का नाहीत?" मी त्यांच्या अंगावर धावलो.

पोलिसांनी भिंत चार ठिकाणी फोडली. आणखी फोडली असती तर मनोराच खाली आला असता. काम बंद झालं.

ठोके बंद झाले नाहीत.

सात महिने मी रोज साडेतीनला तिथे जात होतो. दोन ठोके यायचे. मीही दोन द्यायचो. "आहे रे दादा, मी इथेच आहे." तेवढाच जिवाला आधार.

काल वहिनी हट्टाने सोबत आली. भिंतीला कान लावून उभी राहिली. ठोके आले...

तिने कान झटकन मागे घेतला.

"भाऊजी, हे त्यांचे ठोके नाहीत. अठरा वर्षं मी त्यांना दार उघडलंय. ते आधी हळू ठोकतात, मग जोरात."

खरं होतं. मला तर लहानपणापासून माहीत होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

सात महिने वहिनी रोज दादाचं ताट वाढायची. काल वाढलं नाही.

आज मी गेलो नाही. साडेतीन कधीच वाजून गेले. भिंतीत कोण आहे, ते मला जाणून घ्यायचं नाही.

पण मग माझा दादा कुठे आहे?