सांध्याखालची फूट

द्राक्षाच्या एकाच वाणाला माणसांनी किती नावं ठेवलीत, हे मी सांगायला लागलो की माझी माय जांभई देते. फ्रान्समधला सिरा ऑस्ट्रेलियात गेला नि शिराझ झाला. स्पेनमधला गार्नाचा फ्रान्समध्ये ग्रेनाश म्हणून मिरवतो. नाव बदललं म्हणून वेल बदलत नाही. पान उलटंसुलटं करून पाहिलं की ओळख पटते. नाशिककडच्या एका वायनरीत मी हेच काम करतो. पानं बघून पोट कसं भरतं, हे आमच्या गावी, गोरेगावात, धानवाल्या भाऊबंदांना अजून उमगलेलं नाही.

आमच्या घरातून लेक सासरी निघाली की तिच्यासोबत एक रोप जातं. आत्यांबरोबर आंबे गेले, पेरू गेले. माझी धाकटी बहीण रिंकी मात्र अडून बसली, "मले तुह्या हातची वेल पायजे, खुम्या." माझं नाव खुमेंद्र. मोठ्या भावाला दादा म्हणणं या बयेला जन्मात जमलं नाही. मी तिच्यासाठी शिराझचं कलम बांधलं, डॉगरिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर. वेल आणि खुंट जुळतात त्या सांध्यावर बोट ठेवून बजावलं, "याच्या खालून जे फुटंल ते मोडत जाय. खुंट माजला का वरचं मरते." चिचगडला सासरी तिचं नाव बदलून मंजू ठेवलं. मी चिडवलं, "झालीस नं तू बी शिराझ!" तिनं पाठीत गुद्दा घातला.

यंदा ऑक्टोबरात सुटीवर आलो, तर मायनं चहा टाकायच्या आधीच विषय काढला.

"चिचगडले हाय, ती आपली रिंकी नोहोय."

"मंग कोन होय?"

"मले का मालूम? राखीले आली त मिठाचा डबा कोठी हाय म्हून इचारे. जन्म गेला तिचा या रांधनीत! बोलते गोड, हासते गोड. माही पोरगी गोड नोहोती, बापा."

मी हसलो. लग्नानं भल्याभल्यांची जीभ सुधारते. पण मायच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू पानं ओरखतस नं? मंग जाऊन तिले ओरख," ती म्हणाली. मी मोटारसायकल काढली आणि देवरीमार्गे चिचगड गाठलं. दोन्हीकडे धान पिवळं पडत आलं होतं. मायच्या बोलण्याचं हसू येत होतं आणि तरी मी गाडी जरा जास्तच वेगानं हाणत होतो.

उमेंद्र जावई दारातच भेटले. भला माणूस. हाताला धरून थेट मागच्या अंगणात घेऊन गेले. "पाहा दादा, तुमची वेल."

अख्खा मांडव भरून गेला होता. खाली दुपारचा उजेडही हिरवा आणि गार. घड मात्र एकही नाही. मी पान हातात घेतलं. शिराझचं पान पाच बोटांचं असतं. हे गोल होतं, जेमतेम कातरलेलं. खाली वाकून पाहिलं. सांध्याच्या वर वीतभर काळं, वाळकं कांड. हा सगळा पसारा सांध्याखालून आलेला.

"खालची फूट मोडली नाही काऊन?"

"सुनेसंग आलेल्या झाडाले आमच्या घरी वर्षभर कात्री लावत नाही, दादा. जे फुटलं ते वर बांधत गेलो." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला रागावताही येईना. चहाचं सांगायला ते आत गेले.

"मोठी झाली नं, दादा?"

मागे रिंकी उभी होती. दादा. इतकी वर्षं या शब्दाची वाट पाहिली आणि ऐकल्यावर अंगावर काटा आला. तोंड रिंकीचंच. हनुवटीवरचा तीळ तिचाच.

"खुम्या म्हन नं."

"कायले? मोठा भाऊ होस तू." आणि ती गोड हसली.

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पुन्हा वेलीकडे वळलो. वाळक्या कांडावरून नख ओढलं. साल सुटली आणि खाली हिरवी रेघ दिसली. सांध्याच्या अगदी वर कोंबाचा एक डोळा फुगला होता, टोकाला कोवळी गुलाबी लव.

"मेली नाही वो!" मी आनंदानं ओरडलोच. "हा खालचा पसारा कापला का येते वर!" खांद्यावरच्या पिशवीतून कात्री काढली.

तिनं माझं मनगट धरलं. पकड लाकडासारखी कडक होती.

"नको कापू."

"वेडे, हेच खरी तुही वेल. खाली दबून राहिली हाय."

"मालूम हाय मले." ती हळूच म्हणाली. "पन ती उगवली त मी कोठी जाऊ, दादा?"

तिचे डोळे भरून आले होते. ते रडणं खोटं नव्हतं. मला तिची दया आली, आणि त्या दयेचीच मला भीती वाटली. कात्री हातात तशीच राहिली.

ती खाली बसली. भाजी खुडावी तसा तिनं नखानं वेलीचा तो डोळा खुडला.

तुटल्या जागेतून पाणी टपकू लागलं.

माझ्या खिशात फोन वाजला. माय होती.

"खुमेंद्र, रिंकीले घेऊन आलास का रे? आताच आपल्या आंगनातून 'माय' म्हून ओरडली. कितीक जोरानं ओरडली! बाहीर येऊन पाह्यलं त कोनीच नाही."

फोन कानाशी धरूनच मी समोरच्या रिंकीकडे पाहिलं.

"मायचा फोन?" तिनं ओली बोटं पदराला पुसली आणि हात पुढं केला. "दे इकडं. मी बोलते."